अण्णा, हुपरीची चांदी आणि मियाओंची चैत्री पौर्णिमा

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझं माहेर हुपरी, कोल्हापूर जिल्ह्यातलं चांदीचं गाव. आमच्या अण्णांनी (माझे वडील, वय ६८) चाळीस वर्षं पैंजणं केली, आता धंदा भाऊ बघतो आणि अण्णा दिवसभर बसून भावाच्या चुका काढतात. तर झालं असं की मी त्यांना एकदा मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला, चीनमधल्या कुठल्याशा डोंगरातल्या गावात शे-दोनशे बायका डोक्यावर हातभर उंच चांदीची शिंगं घालून ढोलाभोवती फिरतायत. अण्णांनी तो पाच वेळा बघितला आणि एवढंच विचारलं, "खरी हाय का ती?"

बास. तिथून सुरू झालं.

शोधाशोध केल्यावर कळलं की हे दक्षिण चीनमधल्या गुईझोऊ प्रांतातले मियाओ लोक, आणि तो सण म्हणजे 'बहिणींचा भात', इंग्रजीत सिस्टर्स मील फेस्टिव्हल म्हणतात. चिनी पंचांगातल्या तिसऱ्या महिन्याच्या पंधराव्या तिथीला असतो, म्हणजे पौर्णिमेला. २०२४ ला ती तारीख निघाली २३ एप्रिल, आणि मी कालनिर्णय उघडून बघते तर काय, चैत्री पौर्णिमा! हनुमान जयंती आणि जोतिबाची यात्रा त्याच दिवशी. अण्णांनी लॉकडाऊन सोडला तर आयुष्यात चैत्र यात्रा चुकवलेली नाही, त्यामुळे मला वाटलं संपलं, आता हे काय येत नाहीत. दोन दिवस गप्प होते. मग म्हणाले, "देव काय डोंगरावरच बसलेला असतोय व्हय? काढ तिकीट."

दिवस पहिला, २१ एप्रिल

मुंबई ते हाँगकाँग विमान (तेव्हा भारतातून थेट चीनला जाणारी विमानं बंद होती) आणि तिथून वेस्ट कौलून स्टेशनवरून बुलेट ट्रेन. गंमत म्हणजे चीनचं इमिग्रेशन हाँगकाँगच्या त्या स्टेशनातच होतं, खाली उतरून शिक्का मारायचा आणि गाडीत बसायचं. साडेपाच-सहा तासांत गुईयांग, म्हणजे गुईझोऊची राजधानी. अर्धा रस्ता बोगद्यातच जातो, कारण या प्रांताचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग डोंगर नाहीतर टेकड्या आहे. बोगदा संपला की दोन सेकंद हिरवी शेतं आणि धुकं, की लगेच पुढचा बोगदा. अण्णांनी घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली आणि समोरच्या सीटवरचा माणूस चटणीकडे असा बघत होता की शेवटी त्याला दिलीच. त्याने नुसती चटणी चमच्याने खाल्ली. तिखट खाणारा प्रदेश आहे हे तिथंच कळलं.

रात्री हॉटेलात गुईझोऊबद्दलची एक जुनी म्हण वाचली: इथं तीन दिवस सलग ऊन नाही, तीन पावलं सपाट जमीन नाही आणि माणसाकडे तीन गुंज चांदी नाही. (मूळ म्हणीत गुंज नाही, तिथलं वजन आहे, पण अण्णांना कळावं म्हणून मी गुंज केलं.) अण्णा म्हणाले, मग त्या बायांच्या अंगावर काय हाय?

दिवस दुसरा, २२ एप्रिल

सकाळी ट्रेनने चाळीसेक मिनिटांत काइली साउथ. काइली म्हणजे मियाओ आणि डोंग लोकांच्या स्वायत्त विभागाचं मुख्य शहर, हा विभाग १९५६ साली झाला. स्टेशनवर आमची गाईड भेटली, स्वतः मियाओ, पंचविशीतली, इंग्रजी चांगलं. अण्णांना तिने पहिल्या मिनिटापासून 'येये' म्हणायला सुरुवात केली, म्हणजे आजोबा. तिने एक गोष्ट आधीच सांगून टाकली की 'मियाओ' हे सरकारी छत्रीसारखं नाव आहे, त्याखाली बरेच वेगवेगळे गट येतात, बोली एकमेकींना कळत नाहीत, पेहराव तर दर खोऱ्याला वेगळा. तिचे लोक स्वतःला ह्मू म्हणवतात. लाओस-व्हिएतनाममधले आणि तिथून अमेरिकेत गेलेले ह्मोंग हे त्यांचे लांबचे भाऊबंद. सगळे मिळून चीनमध्ये एक कोटी दहा लाखांच्या आसपास.

जेवायला आंबट रश्श्यातला मासा. टोमॅटो आणि मिरच्या आंबवून केलेला लालभडक रस्सा, त्यात अख्खा मासा उकळतो, वरून एका जंगली बियांचं तेल ज्याला गवती चहा आणि लिंबू यांच्या मधला वास. दिसायला आपला तांबडा, चवीला अजिबात नाही! तिथे म्हणतात की तीन दिवस आंबट खाल्लं नाही तर चालताना झोक जातो. अण्णांनी तीन वाट्या रस्सा ओरपला आणि मासा माझ्या ताटात ढकलला, कारण उद्या पौर्णिमा आणि आजपासूनच वातावरणनिर्मिती. सोबत एक पांढरी मुळी चिरून येते, चावली की तोंडात माशाचा आणि मातीचा वास. ती मी एकदाच खाल्ली.

दिवस तिसरा, २३ एप्रिल, पौर्णिमा

ताइजियांग. तालुक्याचं गाव म्हणा, लोकसंख्येत ९५ टक्क्यांहून जास्त मियाओ. याच तालुक्यातलं थायपान गाव २०२२ मध्ये गावकी बास्केटबॉलमुळे सगळ्या चीनभर गाजलं, खच्चून भरलेल्या गॅलऱ्या आणि बक्षीस म्हणून जनावरं वगैरे. पण आज बास्केटबॉल कोणाच्या डोक्यात नव्हतं.

मिरवणूक. मी काय लिहू, खरंच. गावोगावच्या बायका आपापल्या पेहरावात तुकडी-तुकडीने चालत येतात, एकीचा घागरा घोट्यापर्यंत तर दुसरीचा गुडघ्याच्या वर, एका गावाचं भरतकाम लाल तर दुसऱ्याचं निळं, आणि सगळ्यांच्या अंगावर चांदी चांदी चांदी. आवाज असा येत होता की पाऊस पत्र्यावर पडतोय. चार वर्षांच्या पोरीसुद्धा मुकुट घालून, आणि मागून आई तो मुकुट एका हाताने धरून चाललीय कारण पोरीची मान वाकतेय. वाटेत पोरं म्हशीच्या शिंगातून तांदळाची दारू पाजत होती. त्याचा नियम असा की शिंगाला हात लावायचा नाही, नुसतं तोंड लावायचं, हात लावला तर अख्खं शिंग संपवावं लागतं. अण्णांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि मान हलवली, उपास! पाजणारा पोरगा हसत पुढे गेला.

आणि मग अण्णांनी बॉम्ब टाकला. खिशातून भिंग काढून (हो, भिंग आणलं होतं, भारतातून) एका बाईच्या मुकुटाकडे जवळून बघितलं आणि माझ्या कानात म्हणाले, "अर्ध्याहून जास्त जर्मन सिल्व्हर हाय." मला वाटलं गाईडला राग येईल, पण ती शांतपणे म्हणाली, बरोबर आहे येये. मिरवणुकीत खूप जणी 'पांढरं तांबं' घालतात, तांब्यात निकेल मिसळलेलं, साच्यातून मशीनवर दाबलेलं. खरे दागिने घरी कुलपात, गर्दीत हरवले तर काय घ्या. खरी चांदी बघायची तर उद्या नदीकाठी चला. आता आपल्याकडे तरी काय वेगळं आहे, लग्नात वन ग्रॅम गोल्डचा हार घालून मिरवणाऱ्या मावश्या मी मोजून दाखवीन. अण्णांचा मूड मात्र गेला. रात्री हॉटेलच्या खिडकीतून चंद्र दिसत होता, ढगातून अर्धामुर्धा. त्यांनी खोलीतला दिवा बंद केला आणि हात जोडून "जोतिबाच्या नावानं चांगभलं" म्हणाले. इकडे यमाई, सासनकाठ्या, गुलालाने भरलेला डोंगर सोडून आम्ही कुठे बसलो होतो! मलाही क्षणभर गलबललं.

दिवस चौथा, २४ एप्रिल

शिदोंग. छिंगश्वेई नदीच्या काठचं गाव, नावाचाच अर्थ स्वच्छ पाणी आणि खरंच हिरवं स्वच्छ पाणी. सण मुळातला इथला आणि शेजारच्या गावांचा, २००६ मध्ये चीनच्या राष्ट्रीय वारसा यादीत गेला.

सकाळी गाईडच्या आत्याच्या घरी. भात! चिकट तांदूळ वेगवेगळ्या झाडपाल्याच्या रसात भिजवून वाफवतात, पिवळा एका रानफुलाचा, जांभळा-काळा पानांचा, मग गुलाबी, निळा, पांढरा, आणि सगळे एका टोपलीत शेजारी शेजारी. चवीला गोड नाही, तिखट नाही, नुसता भात आणि किंचित पालापाचोळ्याचा सुगंध. पण खरी गंमत भाताच्या पोटात. पोरगी आवडत्या पोराला रुमालात भात बांधून देते आणि आत खूण लपवते. पाइनच्या झाडाची सुईसारखी पानं निघाली तर पोराने परतफेडीत सुया आणि रेशीमदोरा आणायचा. दोन काड्यांची जोडी निघाली तर लग्नाचं बघा. आणि मिरची किंवा लसूण निघाला तर भावा, विषय संपला. ब्लॉक करायची एवढी सभ्य पद्धत मी दुसरी ऐकलेली नाही. हल्ली अर्थात सगळं वीचॅटवर (तिथलं व्हॉट्सअ‍ॅप) ठरतं, आत्या म्हणाली, भात आता पाहुण्यांना.

या भातामागे एक कथा आहे. पूर्वी इथे रीत अशी की पोरीवर पहिला हक्क तिच्या मामाच्या मुलाचा. आईच्या माहेरातून एक पोरगी आली तर एक परत जायला हवी असा हिशोब. कथेतल्या पोरीचं मन दुसऱ्यावर होतं, घरच्यांनी मामाकडे द्यायचं ठरवलं, तर ती टोपलीत भात लपवून रोज त्या पोराला भेटायला जायची, शेवटी घरचे नमले. 'बहिणींचा भात' याला मियाओत जो शब्द आहे त्याचा अर्थच लपवलेला भात असा काहीसा होतो म्हणे. मी अण्णांना समजावून सांगितलं तर ते गोंधळले, म्हणाले आपल्याकडं पोरगं मामाच्या पोरीवर हक्क सांगतंय आणि इथं पोरगी मामाच्या पोराला द्यायची, म्हणजे त्या पोराला ती आत्याची पोरगी लागली. बरोबर, उलटं आहे! मग आमच्या आईचे अण्णा लग्नाआधी नात्याने कोण लागत होते यावर पुढे वीस मिनिटं गेली, ते सोडा.

दुपारी आत्याच्या पोरीला सजवायला बसल्या. दीड तास. आधी तो चकचकीत गडद वांगी रंगाचा कोट, त्याच्या बाह्यांवर भरतकाम, आणि ते भरतकाम जवळून बघाल तर वेड लागेल. रेशमाचा एक धागा नखाने चिरून आठ-आठ पदर काढतात आणि ते शिकेकाईच्या थोरल्या बहिणीसारख्या दिसणाऱ्या एका शेंगेच्या रसातून ओढून गुळगुळीत करतात, मग एकेका पदराने टाका. एक कोट करायला वर्षं जातात. त्यावर चांदीच्या पट्ट्या शिवलेल्या, पाठीवर घुंगरांच्या रांगा. कपाळाला पट्टा, त्यावर एका ओळीत घोडेस्वार. वर मुकुट, त्यात स्प्रिंगवर बसवलेली फुलं, पक्षी, फुलपाखरं, मान हलली की सगळी थरथरतात. फुलपाखरू सगळीकडे आहे कारण त्यांच्या पुराणात फुलपाखरू ही आद्य आई. ती मेपलच्या झाडातून जन्मली, तिने बारा अंडी घातली, आणि त्यातून ड्रॅगन, वाघ, म्हैस, साप, वीज आणि माणूस असे सगळे सख्खे भाऊ निघाले. आणि मग गळ्यात कडी, एक, दोन, तीन, हनुवटीपर्यंत.

आत्याने त्यातलं एक पीळदार कडं अण्णांच्या हातात दिलं. अण्णांनी तळहातावर दोनदा वर-खाली केलं, बोटाने टिचकी मारली, कानाशी नेलं. "खरी," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "सातशे ग्रॅम. दहा-पंधरा इकडंतिकडं." आत्याने स्वयंपाकघरातून काटा आणला. ७१२! त्या घरात जो आरडाओरडा झाला आणि त्यानंतर अण्णांचा जो भाव वधारला, शेजारच्या चार घरांतून बायका आपापली कडी घेऊन वजन सांगायला आल्या. चार दिवसांत पहिल्यांदा माणूस खुलला.

संध्याकाळी नदीकाठच्या मैदानात ढोलाचा नाच. मध्ये एक ढोल, एक बाई तो वाजवते, कातड्यावर एक थाप आणि लाकडी कडेवर एक. भोवती बायका गोलात, पावलं अगदी छोटी, हात नुसते झुलते. आपल्याला फुगडी-झिम्म्याची सवय, त्यामुळे पहिली पाच मिनिटं वाटलं एवढंच? मग लक्षात आलं की जास्त हलताच येणार नाही, अंगावर आठ-दहा किलो आहे. आणि पावलाच्या त्या छोट्या झटक्यानेच सगळी घुंगरं एकदम वाजतात. ढोल फक्त ठेक्याला, वाजंत्री म्हणजे बायकाच. कडेला आया उभ्या, डोळे पोरीच्या अंगावर, मध्येच धावत जाऊन पिन घट्ट करतात. काळोख पडला तरी गोल थांबेना.

दिवस पाचवा, २५ एप्रिल

थांगलोंग, शिदोंगमधलीच सोनारांची वस्ती. घराघरात हातोडीची टकटक, बंद डोळ्यांनी सोडलं असतं तर अण्णा म्हणाले असते हुपरी. ज्यांच्याकडे गेलो ते सोनारकाका सत्तरीचे, चार पिढ्यांचं काम.

आता बघा, एकाला मराठी आणि दुसऱ्याला मियाओ, गाईड फोनवर कोणाशी तरी बोलायला बाहेर गेलेली, आणि हे दोघं तीन तास बोलत होते. सोनारकाकांनी मुशीत चांदी आटवली, पट्टी ओतली, ठोकून सळई केली, आणि मग भोकं पाडलेली एक पोलादी पट्टी काढली. अण्णा ओरडलेच, "जंत्री!" मोठ्या भोकातून लहान भोकात तार ओढत न्यायची, तीच पद्धत, तीच पट्टी. अण्णांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, जमिनीवर बसले आणि पक्कड मागितली. केसाएवढी तार ओढली. मग काकांनी दोन तारा एकत्र पिळून फूल वळवलं, अण्णांनी मान डोलावली, आणि डाग द्यायच्या, म्हणजे सांधा जोडायच्या वेळेस सवागीसारखीच (टाकणखार) पांढरी पूड. पूर्वी तोंडाने फुकणी फुंकायचे, काकांनी गाल फुगवून दाखवलं आणि अण्णांनीही, दोघं हसले, आता दोन्हीकडे गॅस. शेवटी उजळायला ते तुरटीच्या पाण्यात उकळतात, आमच्याकडे रिठा.

गाईड परत आल्यावर चांदी कुठून यायची ते विचारलं, कारण ती गुंजेची म्हण माझ्या डोक्यातून जात नव्हती. तर उत्तर असं की लाकूड नदीमार्गे खाली विकलं जायचं आणि चांदीचे डॉलर वर यायचे, ते सरळ मुशीत. १९४९ नंतर सरकारने अल्पसंख्याक जमातींना दागिन्यांसाठी स्वस्तात चांदी दिली होती. नाणं खर्चायचंच नाही, पोरीच्या अंगावर घालायचं. आमच्या आजीच्या गोठ-पाटल्याही राणीछाप रुपये आटवून केलेल्या, त्यामुळे अण्णांना यात नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते याचं की हे काम इथं पुरुषच करतात. हुपरीत निम्मी पैंजणं घराघरातल्या बायकांच्या हातून पुरी होतात. अण्णांनी ते सांगितल्यावर काकांच्या मंडळी आतून काहीतरी ओरडल्या, गाईडने भाषांतर करायला नकार दिला.

निघताना अण्णांनी पिशवीतून पैंजणजोड काढला, घरून आणलेला. काकांनी कानाशी हलवून बघितला, आत गेले आणि एक जुनी झिजलेली जंत्री घेऊन आले, त्यांच्या वडिलांची. अण्णा नको नको म्हणेपर्यंत पिशवीत गेली पण.

दिवस सहावा, २६ एप्रिल

गाडीने चार तास, झाओशिंग. इथे मियाओ नाहीत, डोंग लोक, स्वतःला 'काम' (Kam) म्हणवतात. मोठं लाकडी गाव, पाच ढोलमनोरे, एकेका भावकीचा एकेक, तिथल्या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचे, खिळा न वापरता खाचांत खाचा बसवून. खाली म्हातारे पत्ते खेळत बसलेले. गाव पर्यटनाने पार भरलंय, बारमधून रात्री धाडधाड म्युझिक, ते मला आवडलं नाही. पण मागच्या गल्लीत गेलं की धप धप आवाज, निळीत रंगवलेलं कापड दगडावर ठेवून लाकडी हातोड्याने कुटतात, त्याला अंड्याचा पांढरा बलक चोळतात आणि ते तांब्याच्या भांड्यासारखं चमकायला लागतं.

रात्री त्यांचं 'मोठं गाणं' ऐकलं. वाद्य नाही, हात हलवणारा कोणी नाही, दहाबारा जणी आणि तितकेच बुवे, बाकीचे सगळे मिळून खालचा आवाज धरून ठेवतात आणि एक-दोघं त्यावर वरच्या पट्टीत चढतात. एका गाण्यात चक्क झाडावरचे सिकाडा किडे किरकिरतात, माणसांच्या गळ्यातून. डोंगांना पारंपरिक लिपी नव्हती, वंशावळ, शेती, नीती सगळं गाण्यात. २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. त्यांच्यात म्हणतात की भात शरीराला पोसतो आणि गाणं मनाला. अण्णा भजनी मंडळातले, त्यामुळे खूश होते, पण टाळ पाहिजे होता असं त्यांचं मत पडलं.

दिवस सातवा, २७ एप्रिल

सकाळी त्सोंगजियांग स्टेशन, झाओशिंगपासून जवळच. बॅगा एक्स-रेमधून गेल्या आणि अण्णांची बॅग थांबवली. सुरक्षेवरच्या पोरीने ती जंत्री बाहेर काढली. लोखंडाची पट्टी, पन्नास भोकं, काय समजणार बिचारी? हत्यार आहे का विचारत होती बहुतेक. मी फोनवर भाषांतर टाइप करतेय, नेट चालत नाही, मागे रांग वाढतेय, गाडीला पंधरा मिनिटं, आणि अण्णा मराठीत समजावतायत, "अहो ताई, तार ओढायची असतीया ती, तार." तेवढ्यात तिची एक वयस्क सहकारी आली. तिने पट्टी हातात घेतली, उजेडाकडे धरून एका डोळ्याने भोकांतून बघितलं, आणि चिमटीत काहीतरी धरून हळूच स्वतःकडे ओढल्यासारखं केलं. मग हसून पट्टी अण्णांच्या हातात परत दिली.

"बघ," अण्णा पिशवीची चेन लावत म्हणाले, "तिच्या घरात कुणीतरी सोनार असणार."